मुकी लाइन कापणाऱ्या मॉनिटरबाई

आमच्या मॉनिटरबाईंना गप्प लाइन सहन व्हायची नाही. भांडणारी चालायची, सुताच्या भावावरून घासाघीस करणारी चालायची. पण दोन्ही टोकांना कुणी बोलत नाही असं कळलं की कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांना आठ्या पडायच्या आणि त्या आमच्या खुर्च्यांमागून झपाझप चालत येऊन उभ्या राहायच्या.

सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी लागले तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. परगावी बोलायचं तर आधी कॉल नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागे. आम्ही दहा-बाराजणी कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर बसायचो आणि कॉर्डची टोकं भोकांत घालून माणसाला माणूस जोडून द्यायचो. आमच्यावर देखरेख करायच्या त्या मॉनिटरबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. माघारी मुली त्यांना 'कात्री' म्हणायच्या.

अक्कलकोटच्या पलीकडच्या सगळ्या गावांना मिळून तेव्हा एकच लाइन होती. कुणी बोलून झाल्यावर रिसीव्हर नीट न ठेवता टेबलावर टाकून निघून गेला की बोर्डावर बोलणं संपल्याचा दिवा लागत नसे, आणि आम्हाला वाटायचं, बोलणं चालू आहे. तेवढा वेळ ती लाइन अडून राहायची. म्हणून बाईंनी नियम घालून दिला होता. लाइन गप्प वाटली की कान द्यायचा. "बोलणं चालू आहे का?" असं दोनदा विचारायचं. उत्तर नाही आलं तर मनात वीस मोजायचे आणि कॉर्ड काढायची. कुणी का-कू केली तर बाई स्वतःच हात पुढे करून कॉर्ड ओढायच्या आणि म्हणायच्या, "साकु." म्हणजे पुरे. घरची कानडी त्यांच्या तोंडी अशी एखाद्या शब्दापुरतीच यायची.

जेवणाच्या सुट्टीतही त्यांचं तेच. आम्ही डबे उघडून मुकाट्यानं खायला लागलो की त्या शेंगाचटणीची बरणी पुढे सरकवून म्हणायच्या, "बोला की गं काहीतरी. गप्प बसून जेवण अंगी लागत नाही." त्या एकट्याच राहायच्या, बाळीवेशीजवळ एका खोलीत. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर दाराला कुलूप आणि आत रेडिओ चालू. नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "असू दे. घरी गेल्यावर कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं."

या नियमामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांची थोरली बहीण, त्यांची अक्का, सासरी बाळंतपणात अडली होती. सासरा पोस्टात येऊन सोलापूरच्या डॉक्टरांना फोन लावत होता आणि लाइन मिळत नव्हती. दोन व्यापारी बोलणं संपवून, रिसीव्हर खाली टाकून चहाला गेले होते.

"त्या दिवशी बोर्डावर मीच होते," बाई म्हणाल्या. "लाइन गप्प आहे ते मला कळत होतं. पण नवी होते. कापली तर साहेब रागावतील असं वाटलं. पाऊण तास तशीच ठेवली." अक्का गेली, हे त्यांनी सांगितलं नाही. बरणीचं झाकण लावलं आणि उठल्या.

पुढचं घडलं ते वैशाखातल्या एका दुपारी. मी बोर्डावर होते, अजून नोकरीत कायम झाले नव्हते. अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीच्या पोस्टातून सोलापूरच्या एका गिरणीला कॉल होता, ठरावीक माणसाला बोलावून आणायचा. गिरणीच्या फाटकावरच्या माणसानं मल्लिनाथ नावाच्या कामगाराला खात्यातून बोलावलं. मी दोघांना जोडून दिलं. "आप्पा, मी मल्लू. बोला की," एवढं ऐकून मी दुसऱ्या कॉलकडे वळले.

थोड्या वेळानं परत कान दिला तर लाइन गप्प. मी विचारलं, "बोलणं चालू आहे का?" पुन्हा विचारलं. कुणी बोललं नाही. मात्र मैंदर्गीच्या बाजूला काहीतरी होतं. श्वास म्हणावा तर श्वास, खरखर म्हणावी तर खरखर. मी वीस मोजले आणि हात कॉर्डवर तसाच ठेवला. त्याच लाइनसाठी तिकडच्याच दुसऱ्या एका गावातल्या दवाखान्याचा तातडीचा कॉल खोळंबला होता. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात घातला आणि कॉर्ड काढली. दवाखान्याला लाइन मिळाली. कॉलच्या चिठ्ठीवर सही माझी होती.

आठवड्यानं मल्लिनाथ एक्स्चेंजच्या दारात आला. डोकं भादरलेलं, गिरणीचाच सदरा अंगात. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझी आई वारली होती," तो म्हणाला. "आप्पा तेच सांगायला पोस्टात आले होते. त्यांना बोलवत नव्हतं. ते रडत होते आणि मी ऐकत होतो, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचंही सुचलं नाही. तुम्ही मधेच तोडलं. परत लाइन मिळाली चार वाजता, तेव्हा पोस्टमास्तरांनी निरोप दिला. मी पोचलो तर दिवे लागले होते. उन्हाळ्याचे दिवस, लोकांनी वाट बघितली नाही. मला आईची माती मिळाली नाही."

त्यानं लेखी तक्रार आणली होती. बाई पुढे झाल्या. "या मुलीनं काही केलं नाही," त्या म्हणाल्या. "कॉर्ड मी काढली." तो तक्रार घेऊन साहेबांच्या खोलीकडे गेला.

तीनेक आठवड्यांनी एका बुधवारी रजा टाकून बाई मला घेऊन मैंदर्गीला गेल्या. का चाललोय ते त्यांनी बसमध्ये सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्यांदाच मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं. आप्पांचं घर गावाच्या कडेला होतं. म्हातारा बाजेवर बसून होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी आधी कानडीत काही सांगितलं आणि वाकून पायाला हात लावला. म्हातारा मराठीतच बोलला, बहुधा मला कळावं म्हणून.

"तुमी कशाला पाया पडता, बाई. मीच बोललो न्हाय. तार करा म्हनले समदे, म्या म्हनलं, न्हाय, मी सोता सांगतो पोराला. आन्‌ त्याचा आवाज ऐकला तर वाचाच बसली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्येला ठावंच न्हवतं की ती आजारी हाय. तीन महिनं हातरुणावर हुती. रोज म्हनायची, मल्लूला बोलवा. म्या न्हाय बोलावलं. नुकता कुटं गिरणीत कायम झालेला, रजा घिऊन बसंल, काम जाईल. हुईल बरी, म्हनलं. ती गेली, ह्ये सांगायचं तर त्ये बी सांगावं लागनार हुतं. मग कसं बोलू?"

बाई बाजेजवळ जमिनीवर बसल्या.

"आता त्यो म्हनतो, टेलिफोनवाल्या बाईनं तोडलं म्हनून आई दिसली न्हाय. मला काय बोल लावत न्हाय. दर आयतवारी येतो, भाकरी करून घालतो." म्हाताऱ्यानं मान वर केली. "एकच पोरगा हाय, बाई. त्येला ह्ये सांगू नका."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना म्हटलं, चौकशीत निदान साहेबांना तरी खरं सांगा. म्हातारा बोलत नव्हता, तुम्ही नियमानं वागलात, दवाखान्याचा कॉल खोळंबला होता. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सुधा, त्या पोराला कुणावर तरी रागवायला पाहिजे. बापावर रागवला तर म्हातारा चार दिवस जगायचा नाही. माझ्यावर रागवला तर माझं काय जातंय? माझ्या घरी कोण आहे?" मग म्हणाल्या, "आणि मला ऐकू आलं होतं. तुझ्यासारखंच. खरखर नव्हती ती."

चौकशीत त्यांनी दोनच वाक्यं लिहून दिली. कॉर्ड मी काढली. चूक माझी आहे. त्यांचं मॉनिटरपद गेलं आणि केम गावाच्या बाजूला एका लहानशा एक्स्चेंजवर बदली झाली. तिथे दिवसाला चार-सहा कॉल असायचे. जाताना त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. संध्याकाळी पाळी संपल्यावर मी स्टेशनवर पोचवायला गेले. एक पत्र्याची पेटी आणि कापडात बांधलेला रेडिओ एवढंच सामान होतं. गाडी हलायच्या आधी त्या म्हणाल्या, "नियम मोडू नकोस. मागे पन्नास माणसं थांबलेली असतात. पण मोजताना जरा हळू मोज." मी मान हलवली. पुढे मी स्वतः मॉनिटर झाले, वर्षानुवर्षं मुलींना वीस मोजायला शिकवलं, पण हळू म्हणजे किती हळू ते मला कधी ठरवता आलं नाही.

बाई तिकडेच वारल्या. कावीळ झाली होती म्हणे. कळवायला कुणी नव्हतं. आम्हाला महिन्यानं कळलं, तेही त्यांच्या पगाराच्या कागदांवरून.

त्यानंतर एकदा नवी पेठेत मला मल्लिनाथ भेटला. केस पिकू लागले होते, बरोबर लहान मुलगी होती. त्यानं मला ओळखलं. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले, म्हणाला. शेवटपर्यंत मीच सगळं केलं, माझ्या मांडीवर जीव सोडला त्यांनी. हे सांगताना त्याच्या आवाजात समाधान होतं. मग चेहरा बदलला.

"ती बाई कुठे असते हो आता?"

"वारल्या," मी म्हटलं.

"वाईट बोलू नये गेलेल्या माणसाबद्दल," तो म्हणाला, "पण मी तिला माफ नाही केलं."

आप्पाही नव्हते, बाईही नव्हत्या. आता सांगितलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? त्याची मुलगी त्याचं बोट ओढत होती. मी तिला नाव विचारलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि येते म्हणून निघाले.