मसाल्याच्या डब्यातलं विमान

अर्णव, सई,

आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. परवा फोनवर अर्णवने विचारलं, "आजी, एक विमान जोडायला आजोबांना वर्ष का लागलं?" ते असते तर याही वेळी "काम बारीक आहे रे" म्हणून सुटले असते. खरं कारण मी आहे, आणि ते आता मीच सांगायला हवं.

तुम्ही पाठवलेला प्लॅस्टिकच्या विमानाचा खोका इथे तापीकाठच्या घरी आला तेव्हाच त्यांनी ठरवलं, जोडून तयार आपण करायचं, रंग मुलांनी सुट्टीत येऊन द्यायचा. माहितीपत्रक इंग्रजीत, म्हणून वाचायचं काम माझं. पहिल्याच पानावर होतं, सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुवा, नाहीतर रंग धरत नाही.

"विमान धुवायचं? तुझं इंग्रजी गंजलं, बरं का."

तरी माझ्याच तांदळाच्या चाळणीत त्यांनी ते धुतलं, गच्चीवर पंच्यावर वाळत घातलं आणि केळीच्या बागेकडे निघून गेले. सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले. मला तो पसारा बघवेना. मी कात्रीने एकेक भाग सोडवला, आकाराप्रमाणे निवडला, जुन्या मसाल्याच्या डब्यात वाट्यावाट्यांतून भरला आणि चौकटी कचरागाडीत टाकल्या. संध्याकाळी दुसरं पान वाचलं... कुठला भाग कुठे लावायचा, ते नंबर चौकटींवर होते.

आजोबांनी डबा पुढे ओढून एकेक वाटी बघितली. "निवडलंस मात्र छान. आता यातलं जिरं कोणतं नि मोहरी कोणती, तेवढं सांग."

मग कित्येक महिने जेवण झालं की तेच. शेपटी पंखाला लावून बघायची, चाक नाकाला. जुळलं की सांधा माझ्या नखांच्या कानशीने घासायचा, फट लांबीच्या लगद्याने बुजवायची आणि डोळे मिटून वरून बोट फिरवायचं. "रंग काही झाकत नाही गं, उलट चुगली करतो," म्हणायचे. शेवटी गच्चीवर, रंगाआधी द्यायच्या राखाडी अस्तराचा फवारा मारला. वारा तापीकडून होता, दोरीवर माझी पांढरी साडी होती.

"फिटंफाट," ते म्हणाले.

त्या आठवड्यातच ते गेले. तुम्हाला माझी चूक त्यांनी कधी सांगितली नाही.

विमान फ्रिजवर झाकून ठेवलंय, राखाडीच. रंगाला मी हात लावलेला नाही. डब्याच्या एका वाटीत एक बारीकसा भाग अजून आहे. तो कुठला, हे त्यांनाही सापडलं नव्हतं.