जेवणानंतरचे दोन चमचे

मावशीला कशाचीच किळस येत नाही, असं वृद्धाश्रमात सगळे म्हणत. ते बरंचसं खरंही होतं. आठ वर्षं ती त्या तीन मजली इमारतीत म्हाताऱ्यांचं सगळं करत होती. ओकारी, मळलेल्या चादरी, कवळीत अडकलेलं कालचं शीत, पाठीवरच्या जखमांचं पाणी, सगळं ती उघड्या हातांनी, बोलत बोलत निपटायची. नव्या पोरी नाकाला पदर लावून दारात थांबल्या की म्हणायची, "अंगातनं येतं ते धुता येतं. धुतलं की गेलं." तिला खरी शिसारी आली ती पुढे, एका गोड वासाच्या लाल औषधाची. आणि ती काही धुऊन गेली नाही.

तशी त्या जातीच्या औषधाशी तिची ओळख जुनी होती. तरुणपणी ती धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. साबणाच्या वाफेनं तिच्या अंगावर पित्त उठायचं. मानेपासून मांडीपर्यंत लालबुंद गांधी, आणि खाज अशी की भिंतीला पाठ घासावी. एकदा तर ओठ आणि पापण्या सुजून तोंड भोपळ्यासारखं झालं. तेव्हा दवाखान्यात सुई टोचली, वर अॅलर्जीच्या बारीक पिवळ्या गोळ्या दिल्या, आणि तासाभरात अंग निवलं. ती त्या गोळीला देवमाणूस म्हणायची. पुढे एका दुपारी गोळी घेऊन कामावर उभी असताना तिचा डोळा लागला आणि मनगट तापल्या इस्त्रीखाली गेलं. डॉक्टर म्हणाले, गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, झोप येईल, यंत्राजवळ जाऊ नका, वाचलं नाही का? वाचलं नव्हतं. इस्त्री सुटली, पित्तही थांबलं, आणि ती म्हाताऱ्यांच्या सेवेला लागली.

नव्या मेट्रनबाई आल्या तेव्हा मावशीला आधी त्या आवडल्याच. कडक परीटघडीची साडी, सगळ्या खोल्यांना नंबर, चादरी आठवड्यातून दोनदा. पण त्यांना आवाज सोसायचा नाही. आणि म्हातारी माणसं म्हणजे आवाजच. कोणी हाका मारतं, कोणी तेच गाऱ्हाणं दहादा सांगतं, कोणी रेडिओ बंद करू देत नाही. सगळ्यांत वाईट खोड होती सात नंबरच्या टायपिस्टबाईंची. कोर्टात छत्तीस वर्षं टायपिंग करून निवृत्त झालेल्या या बाई दिवसभर टेबलावर बोटं बडवत. ऐकू येईल ते बोलणं टेबलावर टाइप करत आणि मध्येच थांबून बोलणाऱ्याचं व्याकरण सुधारत. मेट्रनबाईंचंही दोनदा सुधारलं होतं, पाहुण्यांसमोर.

त्या थंडीत दोघातिघांना सर्दी झाली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी लाल सिरप लिहून दिलं. टायपिस्टबाईंच्या कोरड्या कातडीला खाज सुटायची, म्हणून त्यांनाही तेच, लागेल तेव्हा एक चमचा. सर्दी आठ दिवसांत गेली. सिरप गेलं नाही. उलट मेट्रनबाईंनी मोठा डबा मागवला आणि मावशीला सांगितलं की दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांना दोन-दोन चमचे द्यायचे, हवा वाईट आहे, आधीच काळजी घेतलेली बरी. सुंठीवाचून खोकला गेला असं लोक म्हणतात. इथे खोकला नसताना सुंठ चालली होती. पण वरच्यांनी सांगितलं, खालच्यांनी केलं. तिनं ट्रे उचलला आणि एकोणीस तोंडांत चमचा घातला. पहिल्या दिवशी घातला, आणि पुढे तीन महिने रोज घातला.

इमारत शांत झाली. दुपारी दोनपासून पाचपर्यंत तर इतकी शांत की पाण्याच्या टाकीचा थेंब ऐकू यावा. भेटायला येणारे नातेवाईक खूश झाले. टायपिस्टबाईंचा मुलगा, दर पंधरवड्याला घड्याळ बघत येणारा, म्हणाला की आई आता किती समजूतदार झाली आहे. त्या वेळी आई खुर्चीत मान टाकून बसली होती, तोंड उघडं, कोपऱ्यातून चिकट लाळेचा धागा. मावशीनं रुमालानं तो पुसला आणि तिला पहिल्यांदा मळमळलं. लाळेनं नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्यानं.

मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात यायला लागली, किंवा इतके दिवस ती जो कानाडोळा करत होती तो तिला जमेना. बाईंची बोटं थांबली होती. जीभ टाळ्याला चिकटायची, शब्द निघताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज यायचा. डोळ्यांसमोर धूसर दिसतं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. शौचाला पाच-पाच दिवस होत नव्हतं. एका सकाळी त्यांनी मावशीला "साहेब" म्हटलं आणि विचारलं की आरोपी कुठे आहे. अकरा नंबरचे आजोबा, जहाजावर आचारी होते ते, बाथरूमच्या दारात झोकांडी जाऊन पडले. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मावशीनं मेट्रनबाईंना सांगून पाहिलं. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं की वय झालं की माणसं पडतात, विसरतात आणि कुंथतात, यात नवीन काय.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे मावशी घरची औषधं घ्यायची. तिनं त्याला सिरपचं नाव सांगितलं, किती जणांना देतो तेही सांगितलं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

"मावशी, हे अॅलर्जीचं जुन्या वळणाचं औषध आहे," तो म्हणाला. "अंगात हिस्टामिन म्हणून एक द्रव्य असतं, त्यानं पित्त उठतं, नाक गळतं, खाज सुटते. हे औषध त्याला अडवतं. गांधीलमाशी चावली, प्रवासात उलट्या होतात, तिथेही कामाला येतं. औषध चांगलंच आहे. पण ते डोक्यातही शिरतं, म्हणून झोप. आणि जाता जाता तोंड, डोळे, आतडी, लघवीची पिशवी, सगळ्यांना सुस्त करतं. तरण्याला गुंगी येते, म्हाताऱ्याला भ्रम होतो. नवी औषधं आहेत, त्यांनी इतकी झोप येत नाही. पण तुमच्या मॅडमना झोपच हवी असेल तर..."

रविवारी दुपारी घरी, जेवण झाल्यावर, मावशीनं बाटलीतून आणलेलं तेच सिरप स्वतः दोन चमचे घेतलं. तिला बघायचं होतं. गोड, मग कडवट, घशात मेण लावल्यासारखं. अर्ध्या तासात हातपाय परक्याचे झाले. सून हाका मारत होती हे ऐकू येत होतं, पण ओ देण्याइतकी गरज वाटत नव्हती. दिवेलागणीला जाग आली तेव्हा तोंडात कापूस कोंबल्यासारखं होतं आणि आज कुठला वार हे क्षणभर आठवेना. आपण पन्नाशीच्या, हाडापेरानं धडधाकट. आणि ती माणसं ऐंशीची, हे रोज. तिनं मोरीत जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, जीभ बोटानं घासली. वास गेला नाही. तिला आपल्याच उजव्या हाताची किळस आली.

सोमवारी तिनं ट्रे उचलला नाही. त्याच दिवशी डॉक्टर आले होते. मेट्रनबाईंच्या खोलीत चहा चालला होता. मावशी आत गेली आणि तिनं औषधाचा डबा टेबलावर ठेवून विचारलं की एकोणीस माणसांना एकच सर्दी तीन महिने कशी होते. डॉक्टरांनी कागद पाहिले. प्रत्येकावर त्यांचीच सही होती, "गरजेनुसार" असं लिहून. न वाचता केलेली. त्यांचे कान लाल झाले. तिला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करील. ते म्हणाले, "जरा हळू बोला, बाहेर नातेवाईक बसलेत." आणि बशीतलं बिस्कीट चहात बुडवलं. ते मऊ होऊन पडायच्या आत त्यांनी ते तोंडात टाकलं, हे मावशीनं पाहिलं. माणसांच्या घाणीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला त्या बिस्किटाची शिसारी आली.

ट्रे दुसऱ्या पोरीच्या हातात गेला. दोन दिवसांनी टायपिस्टबाई कण्हायला लागल्या. मावशीनं पोटाला हात लावला तर ओटीपोट ढोलासारखं टम्म. कालपासून लघवीच नव्हती. मेट्रनबाई म्हणाल्या संध्याकाळपर्यंत बघू. मावशीनं बघितलं नाही. तिनं स्वतः फोन करून गाडी बोलावली, डबा पिशवीत घातला आणि बाईंबरोबर हॉस्पिटलात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नळी घातली. लिटरभर लघवी निघाली. मग त्यांनी विचारलं, यांना काय काय औषध चालू आहे? मावशीनं डबा पुढे केला. डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं, मावशीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोण देत होतं?"

"वृद्धाश्रमात दिलं जात होतं," मावशी म्हणाली.

औषध बंद झाल्यावर बाई हळूहळू शुद्धीवर आल्या. तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं, चौथ्या दिवशी नर्सचं व्याकरण सुधारलं. हॉस्पिटलनं वर कळवलं आणि चौकशी बसली. मावशीला जबाब लिहून द्यायचा होता. लिहिण्याची तिला सवय नव्हती, म्हणून ती बाईंच्या खाटेशी कागद घेऊन बसली. बाईंनी तिचं पहिलं वाक्य वाचलं: रहिवाशांना जेवणानंतर औषध देण्यात येत होतं.

"छत्तीस वर्षं मी हेच टाइप केलं," बाई म्हणाल्या. "मारण्यात आलं, पाजण्यात आलं, काढून घेण्यात आलं. माणूस कुठेच नाही. कोण देत होतं गं?"

मावशीनं खाली पाहिलं. "मी देत होते."

"मग तसं लिही."

तिनं लिहिलं. तीन महिने मी माझ्या हातानं देत होते, कोणी सांगितलं होतं, आणि मी केव्हा थांबले. बाईंनी कागद परत वाचला, एक ऱ्हस्व दीर्घ केला, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मावशीनंही विचारलं नाही.

चौकशीचं पुढे जे झालं ते ऐकून कोणाच्याही अंगाचा तिळपापड व्हावा. सिरप बंद झालं. डॉक्टरांना समज देण्यात आली. मेट्रनबाईंची बदली दुसऱ्या, याहून मोठ्या वृद्धाश्रमात झाली. निरोपाला हार आणला होता, आणि शिस्त कशी असावी यावर त्या चार शब्द बोलल्या. मावशी टाळ्या न वाजवता उभी राहिली. जबाबात स्वतःच कबूल केलं म्हणून लेखी ताकीद मिळाली ती फक्त तिला. आचारी आजोबा खुब्याच्या ऑपरेशनमधून उठले नाहीत. टायपिस्टबाईंचा मुलगा पुढच्या पंधरवड्याला आला आणि कुरकुरला की आई पुन्हा फार बोलायला लागली आहे, काही देता येत नाही का. मावशीनं त्याला दारापर्यंत पोचवलं आणि मग हात साबणानं धुतले, त्याच्याशी हस्तांदोलन केलेलं नसतानाही.

ती अजून तिथेच काम करते. सोडावंसं वाटलं होतं. पण आपण सोडलं तर ट्रे कोणाच्या हातात जाईल, या विचारानं ती राहिली. आता ती कोणालाही कसलंही औषध देताना आधी नाव मोठ्यानं सांगते, कशासाठी ते सांगते, त्यानं काय होईल तेही सांगते. नवीन मेट्रनला यात वेळ जातो असं वाटतं. दुपारी दोन वाजता इमारतीत हल्ली भरपूर गलका असतो, कोणी रेडिओवरून भांडतं, कोणी हाका मारतं. त्या गलक्यात मावशी जेवायला बसते. मात्र गोड पदार्थ तिनं सोडला आहे. कोणी आग्रह केला तर ती पान बाजूला सरकवते.