बाराव्या वल्ह्यावरची सही

न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळात तीन महिने एकच विषय चघळला जात होता. सिद्धेशचे वडील, कराडचे पेंटर पद्माकर, वय वर्षं एकाहत्तर, दर बुधवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातात कुठे? छडा लावला वासंतीबाईंनी.

"अगं, अलास्काची कोणी बाई आहे. वल्ही रंगवायला शिकवते म्हणे. वल्ही! या वयात यांना कुठली होडी हाकायचीय?"

'होडी' म्हणताना त्यांनी एक भुवई अशी काही उचलली, की ऐकणाऱ्यांना जे समजायचं ते समजलं.

खरी गोष्ट एवढी रसाळ नव्हती. बायको गेल्यावर दीड वर्षापूर्वी मुलाने पद्माकररावांना इकडे आणलं. सून नंदिनी होमऑफिसमध्ये, मुलगा ऑफिसात, आणि हे दिवसभर ब्रश घेऊन मोकळे. घरातल्या सगळ्या डब्यांवर 'रवा', 'साखर', 'पोहे' लिहून झालं. तळघरातल्या केलरच्या, म्हणजे अडगळीच्या खोलीच्या, दारावर आडनाव झालं, तेही सावलीच्या अक्षरात. आता हे इमारतीच्या कचऱ्याच्या पिंपांकडे वळणार, या धास्तीने नंदिनीने त्यांचं नाव फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या शिकवणीत, घालून टाकलं.

शिकवणारी लोरेन. साठीची, रुंद खांद्यांची, अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी त्लिंगित लोकांतली. नवरा जर्मन, म्हणून इथे. तिचं इंग्रजी सरळ आणि यांचं इंग्रजी आयुष्यभर रंगवलेल्या पाट्यांपुरतं, 'नो पार्किंग'पासून 'एंट्री फ्रॉम बॅक साइड'पर्यंत. तरी दोघांचं जमलं, कारण बोलायचं काम हातच करत होते. पहिल्याच तासाला तिने फळ्यावर काळी रेघ ओढून दाखवली. डोळ्यापासून निघते, पंखात फुगते, वळणावर बारीक होते, शेपटीपर्यंत कुठे तुटत नाही. बाकीच्या बायकांच्या रेघा गांडुळासारख्या आल्या. पद्माकररावांनी श्वास रोखून एका दमात ओढली. लोरेनबाई जवळ येऊन नुसती बघत राहिली.

एक गोष्ट मात्र तिने तेव्हाच बजावली होती. "सरावाला आपापली नक्षी काढा. आमच्या घराण्यांची चिन्हं घराण्यांची असतात. ती उचलायची नाहीत."

जानेवारीत बर्फावर घसरून तिचं मनगट मोडलं. त्याच महिन्याच्या शेवटी तिला गावी जायचं होतं. मामाला जाऊन वर्ष होत होतं. त्याच्या नावाने मोठी पंगत, आणि पंगतीआधी बारा जण वल्ही हातात घेऊन नाचत आत येणार. लाकडी वल्ही भावाने कोरून धाडलेली होती. आठ रंगवून झाली होती, चार कोरी, आणि हात प्लास्टरमध्ये. तिने घरी वडीलधाऱ्यांना फोन केला. तासभर बोलणं झालं. मग पद्माकररावांना म्हणाली, "दुसऱ्या हाताने कच्चं आखून मी देते, रेघ तुम्ही ओढा, रंग तुम्ही भरा. मी माझा शब्द दिलाय तुमच्यासाठी."

वल्ह्यावर होता डोमकावळा, लोरेनच्या घराण्याचं चिन्ह. यांनी विचारलं, "आमच्याकडेसुद्धा गेलेल्या माणसासाठी कावळाच बोलावतात. तसाच हा?"

"नाही," ती हसली. "हा बोलवावा लागत नाही. हा आम्हीच."

वीस वर्षांपूर्वी कराडच्या स्टँडसमोर फ्लेक्सचं मशीन आलं आणि पद्माकररावांचं दुकान बसलं. तेव्हापासून 'हे काम तुम्हीच करा' असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. तीन वल्ही तिच्या समोर रंगवली. चौथं वेळ पुरेना म्हणून घरी आणलं. बुधवारी संध्याकाळी शेवटचा तांबडा रंग शेपटीत भरला, ब्रश धुतला, आणि कित्येक वर्षांत झोपले नव्हते असे झोपले.

गुरुवारी सकाळी नंदिनी कॉफीचा मग घेऊन टेबलाशी थबकली.

"बाबा, हे खाली काय लिहिलंय?"

"कुठे?"

"हे काय, टोकाशी. 'पद्मा, कराड'."

पद्माकररावांनी चष्मा लावला. तांबड्या रंगात, तिरपी, खाली छोटा फटकारा मारलेली. तीस वर्षं प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात मारली तीच सही. कधी मारली, ते त्यांना आठवेना.

"अहो बाबा, बसा आधी. पाणी देऊ?"

"काम संपलं की हात तिकडे जातोच गं. मी नाही केलं हे."

"मग काय, कराडहून कोणी येऊन गेलं?" ती हसली, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. "जाऊ दे ना. तिला कुठे देवनागरी येते? नक्षी वाटेल."

तो विचार त्यांनी केला नाही असं नाही. चांगला दोन कप चहा होईपर्यंत केला. मग काळा रंग घेऊन सही रेघेत बुडवायला बसले. पण तेवढ्यासाठी रेघ शेपटीशी जाड करावी लागणार होती, जिथे ती बारीकच व्हायला हवी. ब्रश टेकवला आणि उचलला. लाकडाला अस्तर नव्हतं, तांबडा आत मुरला होता. खरवडावं तर टोकच जाणार. लोरेनबाईचं विमान शुक्रवारी.

वल्हं चादरीत गुंडाळून ते ऊबानमध्ये, भुयारी रेल्वेत, बसले. समोरची म्हातारी त्या गुंडाळीकडे संशयाने बघत होती. एरवी त्यांनी तिला हसून जर्मनमधलं 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हटलं असतं.

लोरेनबाईने दार उघडलं. अकरा वल्ही जमिनीवर ओळीने मांडलेली, शेजारी लांबट खोका. यांनी चादर सोडली आणि सहीवर बोट ठेवलं.

"माय नेम," म्हणाले. "माय मिस्टेक."

तिने वाकून ती अक्षरं बघितली. मग म्हणाली, "मामाचं नाव तरी आहे का यावर कुठे? ओळखणारे कावळ्यावरून ओळखतात."

"मी फोन करून माफी मागतो त्यांची."

"तुम्ही त्यांचे कोण? शब्द मी दिला होता. माझ्या भाचीचा धाकटा मुलगा रिकाम्या हाताने नाचेल, आणि का, ते सगळ्यांसमोर उभं राहून मी सांगेन."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं पद्माकररावांना वाटलं. गिऱ्हाइकांच्या शिव्या त्यांनी पुष्कळ खाल्ल्या होत्या, त्यांची सवय होती.

"हे तिकडे नेता येणार नाही," ती म्हणाली. "आणि कावळा असलेलं असं तुमच्याकडेही ठेवता येणार नाही. उतरवा तो. तुम्हीच."

तिने पॉलिश पेपर आणून दिला. स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ते बसले. आधी डोळा गेला, मग पंख. आपल्याच हातची इतकी चांगली रेघ त्यांनी आयुष्यात ओढली नव्हती, आणि ती काळ्या भुकटीसारखी मांडीवर पडत होती. पलीकडच्या खोलीत ती एका हाताने वल्ही कागदात गुंडाळत होती. यांनी उठून विचारलं, "मदत करू?"

"नको," एवढंच आलं.

दुपार कलली. कावळा गेला, आणि कोऱ्या लाकडावर टोकाशी 'पद्मा, कराड' तेवढं उरलं. दाराशी येऊन तिने बघितलं.

"ते तुमचं आहे," म्हणाली. "ठेवायचं तर ठेवा."

पद्माकररावांनी नवा कागद फाडून घेतला आणि सहीवर घासायला लागले. लाकडाचं टोक झिजून बोथट झालं, तेव्हा थांबले. वल्हं तिच्या टेबलावर ठेवलं, वर्तमानपत्र भुकटीसकट घडी करून कचऱ्यात टाकलं, आणि निघाले.

घरी नंदिनी दारातच. ऊबानमध्ये त्यांना कोणीतरी उतरल्या चेहऱ्याने पाहिलं होतं, आणि मंडळात एव्हाना 'काकांचं आणि त्या बाईचं काहीतरी बिनसलं' इथपर्यंत बातमी पोहोचली होती. वासंतीबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. तिने त्यातलं काही सांगितलं नाही.

"काय म्हणाली हो बाबा? रागावली?"

"नाही."

"मग छानच की. पुढच्या सेमेस्टरची आनमेल्डुंग सोमवारी सुरू होतेय. नाव घालू ना तुमचं?"

पद्माकरराव बेसिनपाशी उभे राहून नखांतला तांबडा रंग काढत होते.

"ती परत आली की."

"कधी येणार?"

"ते विचारायला तोंड नव्हतं," ते म्हणाले, आणि नळ मोठा केला.