पिसांची भिंत

वैतरणेची खाडी मागे पडली आणि डब्यात सुकटीचा वास भरला, तेव्हा मला जाग आली. बोईसरला मनोहर न्यायला आला होता. पुण्याला आम्ही एकाच खोलीत राहून शिकलो. तारापूरची चांगली नोकरी सोडून हा गृहस्थ कुंभवलीच्या एका शेडमध्ये कोंबड्यांची पिसे आणि भाताचे तूस यांपासून भिंतींचे तक्ते बनवत होता. त्याला चार शब्द सुनावायलाच मी आलो होतो.

शेडमध्ये सोड्याच्या पाण्यात धुतलेली पिसे वाळत होती. मी शिंकलो आणि अर्धे वाळवण हवेत उडाले. "साब, मुँह पे रुमाल बाँधो," प्रेसवरचा कामगार हसत म्हणाला. पिसे कातरून त्यात तूस आणि राळ मिसळायची, तापलेल्या प्रेसखाली दाबायची, की सुपारीच्या रंगाचा टणक तक्ता निघतो. मी ठोकून पाहिला आणि नाइलाजाने वाखाणला.

"उद्या भिंत पाहून बोल," मनोहर म्हणाला. पिसे धुणाऱ्या लखमीबाईच्या डोंगराकडच्या घराला त्याने पहिली भिंत लावली होती. पेरणीपासून बाई शेतावरच होती, कामाला आली नव्हती, त्यामुळे भिंतीचे काही कळले नव्हते. पावसाळ्यात भिंत टिकली तर पुढे जायचे, नाहीतर मुकाट्याने पुन्हा नोकरी धरायची, असे त्याने बायकोला कबूल केले होते.

सकाळी एसटीतून उतरून बांधाबांधाने निघालो. एकदा घसरून मी चक्क पिवळ्या भातात बसलो. लखमीबाईने तांदळाची भाकर आणि सुकट पुढे ठेवली. मी ताव मारला. मनोहर भाकर अर्धी टाकून मागच्या भिंतीपाशी गेला आणि ती चाचपू लागला. तक्ता आतल्या बाजूने कमरेपर्यंत फुगला होता, पापुद्रे सुटले होते.

"पावसाने?" मी विचारले.

"पावसात काय नाय झाला," लखमीबाई म्हणाली. "परवा दिवालीसाठी सारवली, तवा फुगली."

"अहो, हिला सारवायची गरजच नाही, सांगितलं होतं ना!" मनोहर म्हणाला.

"गरज नाय कशी, भाऊ? आमचा कारवीच्या काठ्यांचा कूड आमी दर सणाला सारवतो. बिनसारवल्या घरात दिवा कसा लावू?"

मनोहरने बाहेरून डांबर फासले होते. आतून बाईचा शेणाचा हात फिरेल, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. मला त्याची फार दया आली, आणि अपराध्यासारख्या उभ्या असलेल्या तिचीही.

तो तक्ता उतरवू लागला, तशी ती आडवी आली.

"काढू नका. हिच्यातून वारा नाय येत, पोरं खोकत नाय. दुसरी आना. पन सारवता येल अशी."

निघताना मनोहरने नव्या तक्त्यावर सारवून पाहायला तिच्याकडून पळसाच्या पानांत शेणाचा मोठा गोळा बांधून घेतला. एसटीत लोक नाके मुरडत होते, हा गोळा मांडीवर घेऊन बसला होता. बोईसरच्या फलाटावर मी हळूच नोकरीचा विषय काढला. त्याने ऐकलेच नाही. राळ किती वाढवावी लागेल, ते तो मला सांगत राहिला. पावसाने भिंत पाडली असती, तर तो खरोखरच कामावर परत गेला असता. पण आता एका बाईने त्याच्याकडे दुसरी भिंत मागितली होती.