ताईच्या भुंड्या शेळ्या

ताईला जाऊन दीड महिना झाला होता. भाऊजींचा फोन आला, "रविवारी व्यापारी येऊन राह्यला. सगळ्या बकऱ्या देऊन टाकतो. तुले पाहाच्या असल्या तर ये." मी शनिवारी सकाळची एसटी धरली.

नागपूरहून यवतमाळला साधारण चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. कळंबला बरेच लोक चिंतामणीच्या दर्शनासाठी उतरले, मी बसून राहिले. यवतमाळच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे चांगले मिळतात. मला अर्धेच गेले. तिथून दारव्ह्याच्या गाडीनं बोरी अरब, आणि पुढे ऑटो. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही, तेव्हा हाताशी एक तास जास्तीचा ठेवावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळत आली होती.

ताईच्या अकराही शेळ्या भुंड्या, म्हणजे जन्मतःच शिंगं नसलेल्या. पूर्वी तिच्याकडे शिंगवाल्याही होत्या. त्यांतल्या एकीनं गाभण शेळीच्या पोटात धडक दिली आणि दोन पिल्लं मेलेली पडली. त्यानंतर ताईनं शिंगाचं जनावर आवारात येऊ दिलं नाही. बोकडसुद्धा केळापूरकडून भुंडाच आणवला.

भाऊजींनी सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी केली होती. मीठ विसरले होते. मी वरून घेतलं.

"विकता कशाला?" मी विचारलं.

"मोठ्या म्हाताऱ्या होऊन राह्यल्या. त्यांच्या पोरी, ह्या तरण्या पाठी, गाभणच राहत नाहीत. कायले ठेवू?"

सकाळी जवळच्या बंजारा तांड्यावरची म्हातारी आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आता सगळं गावच तिला याडी म्हणतं. तिचा जन्म शेळ्यांमागे गेला. एका पाठीची शेपटी उचलून तिनं पाहिलं.

"ही पाठ नाही, बोकडही नाही. मधलंच हाय." मग भाऊजींकडे वळली. "काहून भाऊ, ह्यायले पेन्शन लावली का? खातात न् बसतात."

भाऊजी पाठीचं दावं बांधू लागले. याडी ताईबद्दल बोलू लागली.

"तिले म्या सांगतलं होतं. भुंडीले भुंडा लावत राह्यलं का अशी पिल्लं निघतात. आयकलं नाही. म्हाया शिंगवाला बोकड घेऊन जा. मोठ्या अजून फळतील."

"शिंगवाला नाही आणत. तिनं कधी आणू देल्ला नाही."

"मंग खाटकाले दे. त्याले शिंगाचं काही नसते."

याडी निघून गेली. खरं सांगायचं तर मीही भाऊजींच्याच बाजूची होते. ताईनं घालून दिलेलं मोडू नये, एवढंच वाटत होतं.

दुपारी व्यापाऱ्याची गाडी आली. भाऊजींनी आधी गाभण न राहणाऱ्या पाठी दिल्या, मग भुंडा बोकड दिला. मोठ्या शेळ्यांच्या दाव्याला हात घातला आणि तसेच उभे राहिले. "ह्या राहू द्या," म्हणाले. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "चाल."

तांड्यावरून याडीचा शिंगवाला बोकड आणायला अर्धा तास लागला. फाटकाशी भाऊजी थांबले. त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि एकटेच आत गेले. बोकड मी नेला.

बोरीहून यवतमाळची शेवटची गाडी कधी आहे ते उतरल्याबरोबरच विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं, स्टँडवर दीड तास बसले. घरी पोचल्यावर पिशवी दोन दिवस तशीच पडून होती. कपड्यांना शेळ्यांचा वास येत होता, धुवावेसे वाटेनात.

पाच-साडेपाच महिन्यांनी भाऊजींचा फोन आला.

"तीन पिल्लं झाली. दोघायच्या डोक्यावर गाठी लागतात हाताले. शिंगं येतीन."

"बरं झालं," मी म्हणाले.

त्यांनी पिल्लांचे रंग सांगितले. मग विचारलं, "तुह्या ताईले चाललं असतं का?"

मी हो म्हणाले. तिला चाललं नसतं.