टिनावरचे टायर

आवाज झाला तेव्हा मला वाटलं गॅसची टाकी फुटली. टाकी माझ्या पायाशीच होती. मी डोळे मिटून वाट बघितली. जाळ आला नाही. मग सगळं घर डावीकडे कललं, फळीवरचे डबे खाली आले, माझा गुडघा पाण्याच्या ड्रमवर आदळला आणि कुणीतरी "अगं माय, अगं माय" असं एका सुरात म्हणत राहिलं. ते मीच म्हणत होते, हे नंतर आमच्या मुकादम मावशींनी सांगितलं. मला अजून खरं वाटत नाही. मी आईला लहानपणापासून मम्मी म्हणते.

घर म्हणजे आमची ट्रॉली. आमच्याकडे हळद शिजवायचा कुकर आहे. हळद निघाली की पप्पा तो ट्रॅक्टरला जोडून गावोगाव जातात आणि लोकांची हळद वाफेवर शिजवून देतात. सोबत सात बायकांची टोळी असते. एका शेतावर तीन दिवस, दुसऱ्यावर पाच, असा दोन-अडीच महिने मुक्काम हलत असतो. पूर्वी बायका शेतातच ताडपत्री बांधून राहायच्या. एका वर्षी अंथरुणात साप निघाला. तेव्हा पप्पांनी एका दोनचाकी ट्रॉलीवर लोखंडी अँगल उभे केले, वर आणि बाजूंनी पत्रे ठोकले, तळाला फळ्या टाकल्या, दोन खिडक्या काढल्या आणि दोन्ही चाकांवर येतील अशी दोन लांब बाकडी बसवली. टोळीच्या मुकादम मावशी त्याला घर म्हणायला लागल्या, म्हणून सगळेच म्हणतात. कुकर पुढच्या ट्रॅक्टरमागे असतो, घर मागच्या. मागचा ट्रॅक्टर माझे काका चालवतात.

यंदा मोसमाच्या तोंडावर घराचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झाले होते. पप्पा नवे आणायचं म्हणाले. काका म्हणाले, "इकत कशाला? टिनावर तीन पडलेत की नवेकोरे."

आमच्या भागात गोठ्यावर, शेडवर टिनं, म्हणजे पत्रे असतात. उन्हाळी वावटळीत ती उडू नयेत म्हणून वर कुणी दगड ठेवतं, कुणी जुने टायर. आमच्या शेडवरचे टायर मात्र जुने म्हणून वर गेलेले नव्हते. पप्पांनी कधीतरी एक ट्रॉली विकली होती. तिच्यासाठी आणलेले हे तीन टायर बसवायचेच राहिले आणि वजन म्हणून टिनावर चढले. एक किलोमीटरसुद्धा चालले नव्हते. वरची नक्षी जशीच्या तशी होती.

काकांनी ते वरून ढकलले आणि मी खाली एकेक घरंगळत भिंतीशी नेला. तळहाताला काळी पूड लागली. टायरच्या बाजूला बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा. आणि एका लंबगोल चौकटीत चार आकडे होते. माझ्या स्कूटीचा टायर बदलला तेव्हा हिंगोलीतल्या दुकानदाराने मला ते दाखवले होते. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे, टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. मी ते वाचले. त्या वर्षी मी तिसरीत होते. आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काका वरून म्हणाले, "काय मॅडम, टायरवर बी इंग्लिश लिवलंय का? वाचून दाखवा की आमाला." अंगणात चार माणसं होती, ती हसली. वाईट हसली असं नाही. आमच्या घरात इंग्लिश मिडियमची मी एकटी. एकदा खताच्या गोणीवरचं वाचून मी काहीतरी ठासून सांगितलं होतं आणि ते चुकलं होतं. ती गोष्ट आमच्याकडे अजून लग्नाच्या पंगतीत सांगतात.

मी म्हणाले, "काही नाही."

मग काकांनी टायरमध्ये नख रुतवून बघितलं, रुतलं नाही, म्हणजे माल कडक. इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल कापडाने तिन्ही टायरना चोळलं. भेगा बुजल्या. टायर इतके काळेभोर दिसायला लागले की पप्पाही म्हणाले, "लेका, नवेच हायेत." दोन बसवले, एक स्टेपनी म्हणून घराच्या मागे टांगला. एरवी जिभेवर आलेले शब्द मी गिळते तसेच हेही गिळले आणि विसरले. विसरले हे खोटं आहे. मुक्कामांच्या मधे घर दारी यायचं, आणि परत निघताना मी दर वेळी चाकांकडे बघायचे.

त्या दिवशी आमच्या गोरेगावहून घर आखाडा बाळापूरच्या पुढच्या एका शेतावर जायचं होतं. माझी मावशी, म्हणजे मम्मीची बहीण, बाळापुरात राहते. परीक्षा संपली होती, तेव्हा पप्पा म्हणाले, जीप कशाला, काकासंगं जा. म्हणून मी घरात, टोळीतल्या बायकांबरोबर बसले. निघताना काकांनी दोन्ही चाकांची थोडी हवा सोडली. ऊन कडक आहे, हवा तापून फुगते, कमी असलेली बरी, असं सगळेच करतात. आत आम्ही आठजणी, अंथरुणं, पिठाचे डबे, भांडी आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ड्रम.

कळमनुरी मागे पडली, बाळापूर चार किलोमीटरवर आलं. मुकादम मावशी डाव्या बाकड्यावर आडव्या झाल्या होत्या. त्या अचानक उठून बसल्या.

"खालून तापून राहिलं गं."

"म्हातारपणी अंगात ऊब हाय म्हना की," समोरची एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"हस माय, हस. तू झोप हितं, मंग सांग." असं म्हणून मावशी उठल्या आणि माझ्या शेजारी, उजव्या बाकड्यावर येऊन बसल्या. त्यांनी पदराने गळ्याचा घाम पुसला. पदर खाली आला नसेल, तेवढ्यात तो आवाज झाला.

ट्रॅक्टर थांबेपर्यंत घर किती फरफटत गेलं मला सांगता येणार नाही. थांबल्यावर आधी काहीच ऐकू येत नव्हतं. धूळ, पीठ आणि जळक्या रबराचा वास. डाव्या बाकड्याची फळी मधोमध तुटून उभी राहिली होती. तिच्या खालून टायरचा एक पट्टा, हातभर लांब, तारा बाहेर आलेला, आत आला होता आणि अजून हलत होता. मावशींची उशी चिरली होती. कापूस सगळीकडे उडत होता. मावशी त्या कापसाकडे बघत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

आम्ही एकेक करून खाली उतरलो. कुणाला मोठं लागलं नव्हतं. माझा गुडघा फुटला होता, एकीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. हे सगळ्यांनी एकमेकींना हात लावून लावून दोनदा तपासलं. मी रस्त्याकडेच्या लिंबाच्या खोडाला टेकून उभी राहिले. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. मी वाचलं होतं. मी वाचलं होतं.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नेहमीचा होता. "टायरच गेला नुसता. घाबरू नका. स्टेपनी हाय." खिशात त्यांचा फोन वाजत होता. शेतावर हळद येऊन पडली होती आणि कुकर कधीच पोचला होता.

त्यांनी जॅक लावला, स्टेपनी चढवली. मी चाकाजवळ गेले. तेच चार आकडे. काका नट आवळत होते आणि बायका पीठ झाडून अंथरुणं परत आत टाकत होत्या. मी मावशींच्या कानाशी गेले.

"मावशी, बसू नका."

"काहून?"

"तो पण तसलाच आहे. तिन्ही एकाच वर्षाचे. उन्हाने आतून संपलेत."

मला वाटलं होतं, त्या हळूच काहीतरी करतील. त्या मोठ्याने म्हणाल्या, "ओ दादा! तुमची पोरगी काय म्हणते ऐका जरा."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण आता सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी सगळं सांगितलं. आकडे, भेगा, ऑइल.

काका म्हणाले, "हिला काय कळतं टायरमधलं? नक्षी बघा, नक्षी."

"मला बी न्हाई कळत," मावशी म्हणाल्या. "पर मी उठले म्हनून हाय. न्हाईतर त्या कापसासंगं उडाले असते. आमी न्हाई बसत."

"मंग काय चालत येता का बाळापूरला?"

"व्हय. पायात हवा भराया लागत न्हाई."

रिकामं घर घेऊन ट्रॅक्टर सायकलच्या वेगाने पुढे निघाला आणि आम्ही आठजणी दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्याच्या कडेने त्याच्या मागे. मग मावशी माझ्या बरोबरीला आल्या.

"तुला हे कवा कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. स्टेपनी बघितली तेव्हा कळलं. कुणालाही खरं वाटलं असतं.

"टायर टिनावरून काढले त्या दिवशी."

"मंग?"

"सगळे हसले."

"हसले," मावशी म्हणाल्या. "आमी सातजणी रोज त्याच्यावर बसून हिंडून राहिलो, अन् तुला हसल्याची लाज."

मी स्वतःही त्यात बसले होते, हे मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. त्याचा अर्थ एवढाच निघत होता की मी ते स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मावशी पुढे निघून गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या आवाजात नुसतं नवल होतं. एवढ्याशा कारणाने एवढं मोठं काही होऊ शकतं, याचं.

बाळापुरात रस्त्यावरच टायरचं दुकान होतं. दुकानवाले चाचा साठीचे असतील. त्यांनी फुटलेला टायर उलटापालटा केला, भेगेत बोट घातलं, मग काकांकडे बघितलं.

"कुठं ठेवला होता भाऊ?"

"टिनावर," काका म्हणाले.

"टायर हाय का पापड? उन्हात वाळवला!" मग हवेचं विचारलं. काकांनी सांगितलं. चाचांनी कपाळाला हात लावला. "हवा कमी केली की टायर दबतो. दबला की तापतो. तापला की फाटतो. लोक उलटं करून राहिले. सकाळी, थंड असताना, जेवढी लिहिली तेवढी बराबर भरायची. बस."

काका एका कोपऱ्यातल्या, जुन्यावर नवीन रबर चढवलेल्या टायरकडे बघत होते. चाचा म्हणाले, "माल न्यायचा असेल तर दिला असता. माणसं बसतात त्याला देणार नाही." त्यांनी वजन विचारलं. घराचं, ड्रमचं, बायकांचं. बायकांचं सांगताना भांडण झालं. कुणीच आपलं खरं सांगेना, शेवटी चाचांनी हात जोडून सगळ्यांना एकाच मापाचं धरलं. मग टायरवर लिहिलेला वजनाचा आकडा दाखवून म्हणाले, लागतं त्याच्याहून जास्तच घ्यायचा, आणि दोन्ही बाजूंना एकच, एक नवा एक जुना चालणार नाही.

आतून त्यांनी दोन टायर आणले. मी खाली बसले आणि आकडे शोधले. एक यंदाचा होता, दुसरा नव्हता. सगळे उभे होते.

"चाचा, हा तीन वर्षांपूर्वीचा आहे."

ते वाकले, चष्मा लावला, बघितलं. "अरे बापरे. हा मागं कसा राहिला." मग हसले. "बेटी, रोज येऊ नको, दुकान बंद होईल माझं." ते हसले आणि दुकानातले दोघेजण हसले. मला काही झालं नाही. म्हणजे झालं, कान गरम झाले, पण मी तिथेच बसून राहिले आणि त्यांनी दुसरा आणेपर्यंत उठले नाही. हाही यंदाचा होता. तो मी दोनदा वाचला.

व्हॉल्व्हही नवे घातले. चाकं चढली, काकांनी तुटलेल्या जागी एक नवी फळी ठोकली. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण नट आवळून झाल्यावर पाना माझ्याकडे करून त्यांनी नुसतं चाकाकडे बोट दाखवलं, म्हणजे बघून घे. मला नटातलं काही कळत नाही. मी बघितलं.

माझ्या मावशीचं घर तिथून पाच मिनिटांवर होतं. मी पिशवी काढून घेतली.

"कुठं चाललीस?" मुकादम मावशी म्हणाल्या.

"माझ्या मावशीकडे."

"मंग जाशील. आधी आमच्यासंगं शेतापर्यंत चल." त्या घराच्या दाराशी उभ्या होत्या. बाकीच्या सहाजणी त्यांच्या मागे, अंथरुणं हातात धरून. आत कुणीच चढलं नव्हतं. मावशींनी डावीकडच्या नव्या फळीकडे हात केला. "तू वाचलंस ना? तू तिथं बस."

शेत अजून आठ किलोमीटर होतं. मी पिशवी आत ठेवली, चढले आणि चाकावरच्या त्या फळीवर जाऊन बसले. फळीला अजून रंधाही मारलेला नव्हता, कुसळं टोचत होती. मी बसल्यावर मावशी चढल्या. मग बाकीच्या.