डुबुकवड्यांचा दिवस

आमचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, बाजारच्या दिवशी सुरू होतो. लोणखेड्यात भाड्याच्या दोन खोल्या, नवरा कॉलेजात तासिकेवर शिकवतो आणि पगार त्याच्या सवडीनं येतो. म्हणून बाजार आठवड्यातून एकदाच, पण सातही दिवस चवीनं जेवायचं हा माझा हट्ट. बाजार उठता उठता मी जाते, तेव्हा भाजीवाल्या मोठे वाटे लावतात. मेथी आधी संपवायची, मग वांगी, मग भोपळा, मग मोड आलेली मटकी. बाजारच्या आदल्या दिवशी टोपलीत फक्त कांदा-लसूण उरतो, तेव्हा डुबुकवड्या. कांदा-खोबरं भाजून झणझणीत आमटी करायची आणि उकळी फुटली की भिजवलेल्या बेसनाच्या वड्या बोटांनी तिच्यात सोडायच्या. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी. भाजी नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही, असा माझा समज होता.

माझे वडील, आबा, कळसाडीला शेती करतात. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, आज काय रांधलं? मी अगदी रंगवून सांगायची. लग्नाच्या वेळी त्यांना एकच धास्ती होती, जावयाची नोकरी पक्की नाही, पोरगी पोटभर जेवेल ना. ती धास्ती मला रोज थोडी थोडी पुसायची होती. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही. मला मुलगी झाली तशी मी त्यांच्या मागेच लागले, आता जेवायला या.

ते आले, पण न सांगता आणि नेमके बाजारच्या आदल्या दिवशी. हातातली भरलेली पिशवी दाराआड ठेवली, तिचं तोंड बांधलेलंच, आणि नातीला मांडीवर घेऊन बसले. नवरा डबा घेऊन गेला होता. वड्या मी नेहमीप्रमाणे त्याच्याच डब्यात जास्त भरल्या होत्या. मला आमटीच आवडते, असं मी त्याला सांगत असे, आणि सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. उरलेल्या सगळ्या वड्या आबांच्या ताटात वाढल्या, वरून तूप सोडलं आणि मी ऐटीत समोर बसले.

त्यांनी एक भाकरी संपवली. आमटीला नावाजलं. मग हात थांबवून विचारलं, "तुन्हं ताट कोठे शे?"

माझं मघाशीच झालं, मी म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं पातेलं ओढलं आणि पळी तळापासून फिरवली. नुसती आमटी वर आली.

"तुन्ही माय बी बाजारना आदला रोज डुबुकवड्या करे," ते म्हणाले. "मी पोटभर खाऊ नि उठी जाऊ. पातेलामा काय उरनं, कधी दखं नही. तू बी दर आठवडाले फोनवर त्याच रोजले डुबुकवड्या सांगस. म्हनीसन आजच उनू."

मला रडू आवरेना. लपवलेलं उघडं पडलं म्हणून नव्हे. आई आमच्यासमोर कधीच का जेवायची नाही, ते मला त्या क्षणी कळलं म्हणून. अंगावर पिणारं पोर आहे तुझं, असं काहीसं पुटपुटत आबांनी ताट आमच्या दोघांच्या मध्ये सरकवलं. मी नाही नाही म्हणत राहिले.

"तू जेवशी तवय मी उठसू," ते म्हणाले.

लहानपणानंतर पहिल्यांदाच आम्ही एका ताटात जेवलो. वड्या त्यांनी माझ्याकडे सारल्या. हात धुतल्यावरच त्यांनी पिशवी सोडली. भरताची वांगी, तुरीच्या शेंगा, गूळ. आधी का नाही दिली, म्हणून मी रागावले, तर म्हणाले, आधी दिली असती तर तू त्यातलंच रांधलं असतं आणि मला काय कळलं असतं?

आता मी डबा भरायच्या आधी माझ्या वाटीत वड्या काढून ठेवते. वाटे तेवढेच, बेसनही तेवढंच, आणि नवराही काही वाळला नाही. आबांचा फोन अजून रोज येतो. पण काय रांधलं, हे ते विचारत नाहीत.

"तू काय खाधं?" असं विचारतात.